हात मागे घेताना

"ताई, तो चमचा खाली ठेवा."

भावजय एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही, नुसतं म्हणाली... आणि भिंगरीच्या ओठांपाशी घास घेऊन गेलेला थोरलीचा हात जिथल्या तिथे थबकला!

भिंगरीनं सवयीनं तोंड उघडलेलंच होतं. अकरा वर्षांची पोर, पण जेवायच्या टेबलाशी पाखराच्या पिल्लासारखी आ करून बसायची, मग आत्याचा हात यायचा आणि घास आत जायचा. डॉक्टरांनी ज्या दिवशी ऑटिझम म्हणून सांगितलं, पोर कधी बोलेल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले, त्या दिवशी भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला होता, भावजय पांढरीफटक पडली होती, आणि थोरलीनं स्वतःभोवती गिरक्या घेणाऱ्या त्या लेकराला उचलून कडेवर घेतलं होतं. "नाही बोलली तर नाही बोलली! मी आहे ना या घरात सगळ्यांच्या वाटचं बोलायला!"

आणि ते काही खोटं नव्हतं. घरातच काय, अख्ख्या गल्लीत तिला थोरली म्हणत, आणि तिच्या जिभेच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. आई गेली तेव्हा ही चौथीत होती. दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. लोकांच्या कपड्यांना इस्त्र्या करून तिनं धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, तो नकाशे काढायच्या कचेरीत लागला, त्याचं लग्न हिनंच लावून दिलं. बायको मिळाली ती हॉस्पिटलात नर्स, तिच्या कामाच्या पाळ्या वेळी-अवेळी... मग त्यांची लेकही हिच्याच मांडीवर वाढली. स्वतःच्या लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, जसा काही बाजारातून साबण आणायचा राहून गेला होता!

"का? चमच्याला काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"केंद्रातल्या बाई म्हणाल्या..." भावजयीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. भिंगरीला दोन महिन्यांपासून विशेष मुलांच्या केंद्रात घातलं होतं, रोज सकाळी. "म्हणाल्या, पोरीचे हात धडधाकट आहेत, समजही आहे. पण तिला काही मागावंच लागत नाही. तहान लागायच्या आधी पाणी, थंडी वाजायच्या आधी स्वेटर... मग ती शिकेल कशाला? म्हणाल्या, घरात जे कोणी हे करतंय त्यांना थांबायला सांगा."

"जे कोणी म्हणजे मी. सरळ सांगायला त्या बाईची जीभ अडखळते का?"

"ताई, मला भांडायचं नाहीये हो."

"मग करायचंय काय?"

भावजय कामाची पाळी संपवून आली होती, डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले. "इतकी वर्षं... इतकी वर्षं गेली हो ताई! तुमच्या मायेनं माझ्या पोरीला पांगळं केलं!"

भिंगरी अजून तोंड उघडून बसलेली, आणि घास काही येत नव्हता.

थोरलीनं भावाकडे पाहिलं. ज्याच्या तापात तिनं रात्री काढल्या, ज्याच्या पुस्तकांसाठी बोटं भाजून घेतली, तो आता ताटाच्या कडेला बोटानं रेघ ओढत बसला होता, जणू तोही एक नकाशाच होता. शेवटी म्हणाला, "तिला तसं म्हणायचं नाही, ताई... पण काही दिवस तू जरा बाजूला राहिलीस तर... बघू तरी."

बाजूला! ज्या घरातली प्रत्येक भिंत आपल्या घामानं उभी राहिली, त्या घरात आपल्याला जागा कुठली, तर बाजूला!

आता थोरली तोंड सोडणार, असंच दोघांना वाटलं. पण ती बोललीच नाही. तिनं चमचा ताटात ठेवला, हात पुसले, आणि खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणूस निदान दाराशी तरी अडवतो. इथे भावाला वाटलं बायको अडवेल, बायकोला वाटलं नवरा अडवेल, आणि त्या दोघांच्या वाटण्यामधून थोरली बॅग घेऊन जिना उतरून गेली.

तिच्या स्वतःच्या लाँड्रीच्या मागे एक खोली होती, न नेलेले कपडे ठेवायची. तिथे तिनं अंथरूण टाकलं.

आणि मग काहीच वाटेना...

रडू येईल म्हणून ती वाट पाहत राहिली, ते आलं नाही. संताप येईल म्हटलं, तोही नाही. सकाळी उठायचं, शटर वर करायचं, शर्टाची आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग घडी... अंतःकरणही जणू कुणी असंच चापून-चोपून घडी घालून फळीवर ठेवून दिलं होतं! एकदा शेजारचा चावीवाला वास हुंगत आत आला. "ताई, काय जळतंय?" तिनं पाहिलं तर इस्त्रीची कड तिच्याच बोटाला लागलेली, कातडी पांढरी झालेली, आणि हिला पत्ता नाही. चावीवाला हबकला. "अहो, तुमची जीभ तापलेली लांबूनच कळते, आणि बोट भाजलेलं तुम्हाला कळत नाही?" एरवी त्याला असं काही ऐकवलं असतं की महिनाभर त्यानं उंबरा ओलांडला नसता. त्या दिवशी ती नुसती "हं" म्हणाली, आणि तो बिचारा जास्तच घाबरून मलम घेऊन आला.

पण अभिमान मोठा वाईट! बाकी सगळं मेलं तरी तो कुठेतरी धुगधुगत राहतो. एका दुपारी दुकानाला कुलूप लावून ती तरातरा केंद्रावर गेली, त्या बाईला तोंडावर विचारायला, की न पाहिलेल्या माणसाचा न्याय करायला तुला कुणी शिकवलं!

दार उघडंच होतं. आत बुटांची रांग, भिंतीला मुलांच्या उंचीच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र. एका कोपऱ्यात पडदे लावून तंबूसारखा आडोसा केला होता, तिथे कानावर आवाज बंद करायचे गोळे घालून एक मूल डुलत होतं. चष्मा डोक्यावर चढवलेली एक तरुण बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि तिच्यासमोर दोन वेण्यांची एक मुलगी जाकिटाच्या चेनशी झटापट करत होती. चेन अडकायची, सुटायची, मुलीच्या घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज निघायचा. बाई नुसती बघत होती!

थोरलीला ते बघवलं नाही. पुढे झाली, वाकली, सुर्रकन चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. "हे एवढंसं करायला काय लागतं गं बाई तुला?"

तरुण बाईनं वर पाहिलं. "झालं! आज हिची चेन तुम्ही लावायला शिकलात."

थोरली कंबर सरळ करून उभी राहिली.

"तुम्ही भिंगरीच्या आत्या ना?" बाई उठत म्हणाली. "हाताच्या झपाट्यावरून ओळखलं. बसा मावशी. मला बोलायला आला असाल तर बोला, मी ऐकते. पण बसून."

बोलायचं सगळं पाठ करून आणलेलं, पण ऐनवेळी काही आठवेना. बाईच सांगत राहिली. इथे मुलाच्या हातावर आधी आपला पूर्ण हात ठेवायचा. काही दिवसांनी मनगटाला धरायचं, मग कोपराला, मग खांद्यावर एक बोट... आणि मग तेही काढून घ्यायचं. पण उठून जायचं नाही. तिथेच बसायचं. "आमचं शिकवणं म्हणजे एवढंच, मावशी. हात मागे घेत जाणं. करून देणं सोपं असतं हो. इथे मदतीला माणसं हवी असतात, पगार देता येत नाही, प्रेमळ माणसं येतात, आणि प्रेमळ माणसांनाच हे जमत नाही. तुम्हाला तर नाहीच जमायचं."

"का नाही जमायचं?"

"तुमचे हात फार चपळ आहेत."

हा टोमणा की खरंखुरं बोलणं, ते थोरलीला समजेना. पण धुगधुगी होती तिथे फुंकर बसली. "उद्यापासून येते," ती म्हणाली. "दुपारची. आणि घरी माझ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बघू, हातांना माझं ऐकावं लागतं की मला हातांचं!"

बाईनं एक नियम सांगितला. आपल्या घरचं मूल असेल त्या वर्गात आपण बसायचं नाही. भिंगरी सकाळची, थोरली दुपारची. म्हणजे त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, पण पोर निघून गेल्यावर! थोरली "बरं" म्हणाली. तेव्हाही काही वाटलं नाही.

दोन वेण्यांची मुलगी तिच्या वाट्याला आली. पहिले दिवस थोरलीचे हात दर वेळी आधीच पोचायचे, आणि बाई म्हणायची, "मावशी, शिकलात पुन्हा!" मग तिनं युक्ती काढली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावरच बसायची. मुलीचं बोट चेनवरून घसरलं की थोरलीची बोटं मांडीखाली वळवळायची, खांदे भरून यायचे, घाम फुटायचा... आणि ती बसून राहायची. करून देताना कधी दमली नव्हती, तेवढी न करता दमायची. परतताना वाटे, आपण अख्ख्या वस्तीचे कपडे उन्हात वाळत घालून आलो.

आणि तिथे बसता बसताच तिला हळूहळू दिसत गेलं. आपण भिंगरीचे हात होतो. जीभ होतो. पोरीच्या कपाळाला आठी पडली की आपल्याला समजत होतं दूध गरम आहे, आणि आपण फुंकर मारत होतो, आणि त्याचा केवढा तोरा होता आपल्याला! आईलाही समजत नाही ते मला समजतं, असं चारचौघांत सांगत होतो, आईच्या देखत! हे दिसलं तेव्हा तरी फुटून रडावं की नाही माणसानं? पण नाही. आत नुसता गारठा होता. बर्फावर हात ठेवला की आधी झोंबतो, मग काहीच होत नाही, तसा.

बाईनं एक गोष्ट मात्र वारंवार बजावली होती. करून देणारा हात मागे गेला की मूल आधी आकांत करतं. आपण जवळ बसायचं, मुलाला एकटं टाकायचं नाही, उपाशीही ठेवायचं नाही, समोर ताट ठेवायचं, त्याच्या हाताला आपल्या हाताचा आधार द्यायचा. पण पहिल्यासारखं करून द्यायचं नाही. त्या आकांतात जुना हात परत आला, तर मूल एवढंच शिकतं की पुढच्या वेळी याहून जोरात रडायचं.

आणि नेमका त्याच आठवड्यात भाऊ लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्याच्या अंगावरचा चुरगळलेला शर्ट थोरलीनं जन्मात पाहिला नव्हता.

"ताई, घरी चल."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "काय झालं?"

"पोर नीट जेवत नाही. ताट ढकलून देते. किंचाळते, डोकं आपटते, हिच्या हाताला चावली काल... आणि सारखी तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन बसते. तुझं बरोबर होतं, बस्स! झालं गेलं विसर. तू एक घास भरव, ती शांत होईल. मला माहीत आहे ना, तुझ्याच हातून..." तो खाली वाकला. "ताई, मी पाया पडतो तुझ्या!"

हेच तर ऐकायचं होतं तिला! तुझ्यावाचून चालत नाही... बॅग भरताना, रिकाम्या खोलीत छताकडे बघताना हेच एक वाक्य तिनं मागितलं होतं. आणि ते आलं तेव्हा तिला ते घेता येत नव्हतं.

"अजिबातच खात नाही का?"

"खाते थोडं. हिनं हात धरला तर चमचा धरते, मग फेकून देते."

चमचा धरते! पोर उंबऱ्यावर उभी आहे. एक पाय बाहेर पडला आहे. आत्ता आपण गेलो, एकच घास भरवला, की पोर परत आत, कायमची आ करून बसलेली. आणि आपण काही तिला जन्माला पुरणार नाही.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

भावाला आधी ऐकलेलं खरंच वाटेना. "काय?"

"येणार नाही. चमचा फेकला तर उचलून परत हातात द्या. जा घरी, बायको एकटीच असेल पोरीपाशी."

"ताई... अगं तुझ्यासाठी रडतेय ती!"

"रडू दे."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतली बहीण तिच्यादेखत नाहीशी होत गेली. "एवढा अहंकार?" तो हळूच म्हणाला. "आमच्यावरचा राग त्या मुक्या पोरीवर काढतेस? आईच्या जागी मानलं मी तुला! दगड आहेस तू, ताई. दगड!"

सांगून टाकावं असं एकदा जिभेवर आलं. पण सांगायला तोंड उघडलं असतं, तर त्या तोंडातून आधी हुंदका आला असता, आणि हुंदक्यापाठोपाठ पाय निघाले असते घराकडे. तिनं इस्त्री उचलली. कॉलर, खांदे, बाह्या... वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं. कपडा ओला का लागतोय हे तिला आधी समजलंच नाही. वाफ असेल म्हणून तिनं त्याच्यावरूनच इस्त्री फिरवली.

त्यानंतर घराकडून कुणी आलं नाही. भाऊ रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूनं जायचा. थंडी सरली. दोन वेण्यांच्या मुलीनं एका दुपारी चेन गळ्यापर्यंत नेली, आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. थोरलीही मांडीखालचे हात काढून चोळत बसली, एवढाच काय तो सोहळा.

मग एक दिवस दुपार कलताना लाँड्रीच्या दारात भावजय उभी राहिली. अंगावर नर्सचे कपडे, बोटाला भिंगरी.

"कपडे टाकायचे असतील तर ठेव तिथे," थोरली म्हणाली.

"ताई, मी तासाभरापूर्वी केंद्रात गेले होते. बाईंना भेटायला." भावजयीचा आवाज खोल गेलेला. "दाराच्या काचेतून तुम्हाला पाहिलं. समोर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि तुम्ही स्वतःचे हात दाबून त्यांच्यावर बसला होतात..."

"मग? उंडारलेले आहेत, असंच बसवावं लागतं त्यांना."

"बाईंनी सांगितलं सगळं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण मी पाय धरले त्यांचे." आणि ती शांत बाई, हॉस्पिटलात मरणं पाहूनही न ढळणारी, काउंटरवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली. "हे बोलावायला आले तेव्हा तुम्ही का नाही आलात, ते आज समजलं हो! मी तुम्हाला काय काय म्हटलं... रोज म्हटलं! दगड काय, वैरीण काय... आणि तुम्ही इथे... ताई, का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, या. आणि मी आले असते." थोरलीनं नजर वळवली. "तू तरी कुठे सांगितलंस? अकरा वर्षं पोर माझ्या मांडीवर, तू दाराशी उभी. एकदा तरी म्हणायचं, ताई, द्या इकडे, माझी आहे. तोंडाला कुलूप होतं का?"

"तुमच्यापुढे कोण तोंड उघडणार!" भावजय रडता रडता हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. "मला वाटायचं, तिला माझी ओळखच नाही. त्या वादळात पहिल्यांदा ती माझ्या अंगावर आली, मला चावली, माझे केस ओढले, आणि दमून माझ्याच कुशीत झोपली... ताई, अकरा वर्षांनी मी आई झाले. तुम्ही आला असतात, तर तेही झालं नसतं." तिनं डोळे पुसले. "घरी चला. हे बाहेर उभे आहेत, कोपऱ्यावर. आत यायची लाज वाटते त्यांना."

"लाज वाटते ना? मग उभा राहू दे थोडा. पायांना बरं असतं."

एवढ्यात भिंगरीनं जिभेनं वरचा ओठ चाटला.

थोरलीच्या सगळ्या अंगाला ते समजलं. तहान! हात आपोआप सुटला, पाण्याच्या तांब्याकडे निघाला... आणि तिनं पाहिलं, भावजयीचाही हात निघाला आहे. तिनं मधेच भावजयीचं मनगट घट्ट पकडलं. "थांब," ती कुजबुजली. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीनं दुसरीला धरून; कोण कुणाला अडवत होतं देव जाणे!

भिंगरी टांगलेल्या शर्टांच्या रांगेखालून वाकत गेली. तांब्या दोन्ही हातांनी उचलला. अर्धं पाणी फरशीवर सांडलं. उरलेलं पेल्यात गेलं, मग पोटात गेलं. पेला तिनं खाली ठेवला, बाहीनं तोंड पुसलं.

संपलं. आता तिला आत्याचं काही काम नव्हतं. याच दिवसासाठी थोरलीनं स्वतःला दगड म्हणवून घेतलं होतं, आणि तो दिवस आला तेव्हा तो असा होता, ओल्या फरशीचा, रिकाम्या हातांचा. आता पोर आईचं बोट धरेल आणि जाईल, हे ओळखून ती मुकाट्यानं एक पाऊल मागे सरकली.

भिंगरी वळली. आईच्या शेजारून पुढे आली, आणि थोरलीच्या पोटाला पाठ लावून, सगळा भार तिच्यावर टाकून उभी राहिली.

थोरली गोंधळली. भूक? नाही, भूक अशी नसते. थंडी? अंग तर उबदार आहे. आवाजाचा त्रास? बाहेर शांत आहे. दमली? पाय तर ठाम आहेत. तिनं पोरीच्या भुवया पाहिल्या, ओठ पाहिले, बोटं पाहिली... आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला काहीच ओळखता येईना!

"अगं, हिला काय हवंय?" तिनं घाबरून भावजयीला विचारलं. विचारताना तिचे दात वाजत होते, हाताला मुंग्या आल्या होत्या, छातीत काहीतरी इतक्या जोरात दुखायला लागलं होतं की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"काही नकोय तिला, ताई," भावजय म्हणाली. "नुसती आलीय."